हिरडीचं माप

सकाळी बायकोने बेसिनमध्ये चूळ टाकली आणि फेस गुलाबी झाला. असा गुलाबी, की कुणी पहाटेचं आभाळ खरवडून त्या पांढऱ्या भांड्यात सांडावं. रंग सुरेखच होता. फक्त तो बायकोच्या तोंडातून यायला नको होता.

"अहो, आज पुन्हा."

मागे टॉवेल घेऊन उभे असलेले तराजूराव पुढे वाकले, चष्मा वर केला आणि फेस नीट न्याहाळला. कालच्यापेक्षा किंचित गडद. त्यांनी खिशातल्या वहीत तशी नोंद केली. तराजूराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण जो माणूस बारा वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात निरीक्षक आहे, जो दुकानादुकानांतून काटे, मापं आणि गजपट्ट्या तपासून त्यांच्यावर सरकारी शिक्का मारतो, आणि जो घरच्या दुधाचा पेलासुद्धा डोळ्यांच्या रेषेत धरून बघतो, त्याला इमारतीतल्या लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय?

बायको एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची आणि तिला सहावा महिना लागला होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी. म्हणून त्या घरात सध्या सगळेच जण पावलं जपून टाकत. तराजूराव तर चपलासुद्धा हलक्या हाताने काढत.

त्याच दिवशी तपासणी होती. सूतिकागृहाच्या डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, ठोके ऐकले, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हिरड्यांतून रक्त येतं का?"

"थोडं," बायको म्हणाली.

"सोमवारी दोनदा, मंगळवारी एकदा, बुधवारी निरंक," तराजूरावांनी वही उघडली. "गुरुवारी..."

"कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या दिवसांत हिरड्या हळव्या होतात, सुजतात. त्यात दातांच्या कडेला कीटण साचलं की जंतू तिथे बिऱ्हाड करतात. मग हिरडी दातापासून सुटायला लागते. आणि ज्या आयांना हा आजार असतो, त्यांच्यात बाळ दिवस भरायच्या आधी येणं, बाळ वजनाला कमी भरणं, हे जास्त वेळा दिसतं."

वजनाला कमी! तराजूराव खुर्चीतून अर्धे उठले. बारा वर्षं या माणसाने वजनाला कमी भरणाऱ्या प्रत्येक वस्तूशी उभा दावा मांडला होता. आणि आता हा गुन्हा त्यांच्याच घरात, तोही इतक्या कोवळ्या जिवाच्या बाबतीत घडू पाहत होता.

"जास्त म्हणजे नक्की किती?"

"संबंध दिसतो, एवढंच. हेच कारण, असं छातीवर हात ठेवून कुणी सांगणार नाही. हिरड्या साफ केल्या म्हणजे सगळं वेळेवर होईल, अशी हमी मीही देणार नाही. पण जंतू तोंडात पाळायचे कशाला? दातवाल्यांकडे जा. या दिवसांत हे उपचार चालतात. सातव्यानंतर पाठीवर फार वेळ पडवत नाही, म्हणून आताच करा."

बाकी सगळं सोडून तराजूरावांनी एवढंच उचललं: सातवा लागायच्या आत. मुदत मिळाली! मुदत दिली की या माणसाच्या अंगात वारं शिरे. घरी येताना ते बायकोच्या दोन पावलं पुढे चालत होते, आणि दर चार पावलांनी परत येऊन तिचा हात धरत होते.

जिना चढेपर्यंत बातमी इमारतभर झाली. कशी, ते विचारू नये. त्या जिन्याच्या भिंतींना कान होतेच, शिवाय तोंडंही होती.

पहिल्या उठल्या तराजूरावांच्या आई. "दिवस गेलेल्या बाईच्या दातांना हात लावायचा? खुळा आहेस का रे? तुझ्या वेळी माझी एक दाढ गेली. गेली तर गेली! मी कुणाला हात लावू दिला नाही."

"आई, हात लावू दिला असता तर दाढ राहिली असती."

"आणि तू राहिला नसतास!"

आईंचा युक्तिवाद असाच असे. पुढचा रस्ता एकदम बंद. शिवाय त्यांना यमक जोडून बोलायची खोड होती. रागावल्या तरी शब्द रांगेत उभे करून रागावत. सुनेच्या केसांतून हात फिरवत त्यांनी तिथल्या तिथे म्हटलं,

"लेक माझा जग मोजी, काटा घेई, गज घेई,
सुनेच्या गं पोटातलं कुणा मोजता न येई."

बायकोला हसू फुटलं. तराजूरावांना ही सरळ सरळ खात्यावरची टीका वाटली.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर चहाचा वास घेत खाली आले. "दातवाल्यांकडे जाऊच नका. ते दाखवायला गेलं की काढतात. मिठाच्या गुळण्या करा. माझ्याकडे बघा, बत्तीसच्या बत्तीस आहेत."

"स्वतःचे?" आईंनी विचारलं.

"विकत घेतले म्हणजे स्वतःचेच नाहीत का?" पोस्टमास्तर दुखावले.

समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी दारातूनच सुईत दोरा ओवत सांगितलं, "लवंग चावायची. माझ्या जावेने ऐकलं नाही, साफ करायला गेली. सगळे दात खिळखिळे!"

"कधीची गोष्ट?"

"झाली की वीस वर्षं."

"आता त्यांचं वय?"

"पंच्याहत्तर."

तराजूरावांनी एक तक्ता आखला. डाव्या बाजूला सल्ला, उजव्या बाजूला पुरावा. संध्याकाळपर्यंत डावी बाजू पानभर झाली; उजवीकडे एक चहाचा डाग पडला होता. या सगळ्या गडबडीत बायको काहीच बोलली नाही. पोटावर हात ठेवून ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघं दातवाल्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर बुटके, हसरे, इतक्या हळू आवाजात बोलणारे, की माणूस ऐकण्यासाठी आपोआप तोंड उघडतो आणि त्यांचं काम सोपं होतं. त्यांनी बायकोला खुर्चीत आडवं केलं, डाव्या कुशीखाली छोटी उशी सरकवली, आणि तबकातून एक सडपातळ चकचकीत दांडी उचलली.

"ही दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सोडायची. टोकाला मिलिमीटरच्या खुणा आहेत. तीनपर्यंत ठीक. चारच्या पुढे म्हणजे हिरडी सुटायला लागली."

"मिलिमीटर!" तराजूरावांचा श्वास अडकला.

अहो, हिरडीला माप होतं! इतके दिवस जो आजार नुसता गुलाबी, नुसता 'थोडासा', नुसता 'संबंध दिसतो' असा हवेत तरंगत होता, तो आकड्यात उतरणार होता. वाळवंटात चालून दमलेल्याला विहीर दिसावी, तसे त्यांचे डोळे चमकले.

"तीन, दोन, चार," डॉक्टर हळूच सांगू लागले, आणि कोपऱ्यातल्या नोंदवाल्या बाई लिहू लागल्या. "पाच, चार..."

"थांबा!" तराजूराव ओरडले. "या दांडीवर शिक्का कुठे आहे?"

"कसला शिक्का?"

"पडताळणीचा! हिचा पाच हा खरोखर पाच आहे कशावरून?" आणि पिशवीतून बारीक मापं घ्यायचं आपलं लाडकं व्हर्निअर काढून त्यांनी डॉक्टरांच्या हातातली दांडी घेतलीदेखील. मोजलं. "बरोबर आहे. शाब्बास!"

"साहेब," डॉक्टर तितक्याच हळू म्हणाले, "ती निर्जंतुक केलेली होती. आता राहिली नाही."

नोंदवाल्या बाईंनी दुसरी पाकिटातली दांडी फोडली. आता पहिलीवर जे सिद्ध झालं ते दुसरीला लागू होतं का? खात्याचा नियम स्वच्छ आहे: प्रत्येक माप स्वतंत्र तपासावं. तराजूरावांचा हात त्यांच्या नकळत पुढे गेला. तिसऱ्या दांडीच्या वेळी डॉक्टरांनी हात उंच धरला. पण तराजूराव त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होते.

"संपल्या," नोंदवाल्या बाई कडाडल्या. "आजच्या उकळलेल्या सगळ्या संपल्या. बाहेर पाच माणसं बसली आहेत, त्यांना काय फूटपट्टी लावू?"

"अहो, घरी चला," बायको तोंड पुसत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

खरं तर इथेच गप्प बसायचं. पण दारात तराजूराव वळले. "आणि डॉक्टर, हे उपचार तिला चालतात, असं लेखी मिळेल ना?"

डॉक्टर प्रथमच थोडे मोठ्याने बोलले. "एरवी मी मागितलं नसतं. पण तुम्हाला लेखीच हवं असेल तर तुमच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र घेऊन या. त्यानंतर वेळ घ्या."

झालं! ज्या माणसाने शेकडो दुकानदारांना 'कागद आणा' म्हणून परत पाठवलं होतं, तो स्वतःच कागदाच्या पाठीमागे लागला. डॉक्टरीणबाई दोन दिवस भेटल्याच नाहीत. बाळं काही वेळ ठरवून येत नाहीत. तिसऱ्या दिवशी पत्र मिळालं: 'दातांचे उपचार करण्यास हरकत नाही.' तराजूरावांनी ते वाचलं आणि परत केलं. दातांचे? उपचार तर हिरड्यांचे करायचे होते! शिवाय महिना लिहिलेला नव्हता. दुसरं पत्र आलं, त्यात महिना होता, पण सही पेन्सिलीची, म्हणून तेही परत. अशा रीतीने आठ दिवस गेले. बेसिन रोज गुलाबी होत राहिलं. बायको वाचनालयातून आली की खिडकीपाशी बसून राही आणि कुणी काही विचारलं तर "काही नाही" म्हणे. या 'काही नाही'चं वजन किती असतं, हे कुठल्या काट्यावर कळणार?

नवव्या दिवशी तिसऱ्या पत्रातही एक दुरुस्ती करून घ्यायला तराजूराव पुन्हा सूतिकागृहाच्या बाकावर बसले होते. तिथल्या हसतमुख परिचारिकेने त्यांना कोण समजलं कोण जाणे, एक गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं. "घ्या, तुमची मुलगी!"

गाठोड्याने जांभई दिली.

"दोन किलो... आठशे," तराजूरावांच्या तोंडून निघून गेलं.

"आठशे दहा," परिचारिका म्हणाली. "पण तुम्ही कोण?" खरा बाप धावत आला. चूक उमगली, गाठोडं गेलं, तिघंही हसली. पण तराजूरावांचे दोन्ही हात तसेच पुढे राहिले, ओंजळीसारखे. त्यांना ते खाली घेववेनात.

तसेच हात घेऊन ते कॉरिडॉरच्या टोकाला गेले. तिथे एका मोठ्या काचेला नाक लावून एक गॅरेजवाला उभा होता. नखांत काळं तेल, शर्टाला ग्रीस. काचेपलीकडे एका पारदर्शक पेटीत इवलंसं काही हलत होतं. हात म्हणजे बोट, बोट म्हणजे काडी.

"चौदाशे," गॅरेजवाला न विचारताच म्हणाला. "काल तेराशे ऐंशी होती. वीस ग्रॅम वाढली, साहेब! वीस!"

तराजूरावांच्या पेटीत वीस ग्रॅमचं एक पितळी वजन होतं. इतकं लहान, की मेजाखाली घरंगळलं तर गुडघे टेकून शोधावं लागे. आणि हा माणूस त्या वीस ग्रॅमला सण आल्यासारखा हसत होता. डोळे मात्र जागरणाने लाल.

"लवकर कशामुळे आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाला ठाऊक? डॉक्टरीणबाईंनाही नाही सांगता येत. आली, झालं. आता राहिली म्हणजे मिळवली." त्याने काचेवरचा आपल्या श्वासाचा ढग बाहीने पुसला. "जेवढं हातात असतं तेवढं करायचं, साहेब. बाकी काय आपल्या हातात आहे?"

तराजूराव तिथून निघाले ते थेट दातवाल्यांच्या दवाखान्याकडे. खिशात ते तिसरं पत्र होतं. दातांचं का हिरड्यांचं, पेन्सिलीचं का शाईचं, त्यांनी ते पुन्हा उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

"तीन आठवड्यांनंतर या," नोंदवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. दांड्यांचा राग अजून शिल्लक होता.

"तोवर सातवा लागेल हो!"

"मग कुणी रद्द केलं तरच."

"मी बसतो."

"कुठे?"

"इथेच. रोज. जेवणाच्या सुट्टीत."

आणि ते बसले. दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत डबा उघडून जेवणारा पहिला माणूस म्हणून त्या दवाखान्याने त्यांची आठवण ठेवली असेल. चार दिवस कुणी रद्द केलं नाही. पाचव्या दिवशी व्यायामशाळेचे मास्तर आले. दंड खांबासारखे, मान कुठे सुरू होते ते कळू नये अशी. आतून यंत्राची बारीक गुणगुण आली. मास्तरांनी कान टवकारले. "माझी गाडी बहुतेक चुकीची लावली आहे," ते म्हणाले, आणि ते जे गेले ते गेलेच.

नोंदवाल्या बाईंनी तराजूरावांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "अर्धा तास आहे. आणा."

त्या दिवशी वाचनालयाला सुट्टी होती. त्यांनी घरी फोन लावला, उचलला आईंनी. "आई, तिला घेऊन लगेच निघा, रिकामी वेळ मिळाली!" एवढंच ते ओरडले. पण उत्साहात ओरडलेलं वाक्य फोनमध्ये मावत नाही, जिनाभर सांडतं. वीस मिनिटांत रिक्षा आली. त्यातून बायको उतरली, आई उतरल्या, पोस्टमास्तर उतरले, आणि शेवटी गळ्यात मापपट्टी तशीच असलेल्या काकू.

"चल, चल," तराजूराव बायकोचा हात धरून म्हणाले, "खुर्ची तयार आहे!"

बायको हलली नाही.

"मी नाही बसणार."

"अगं, आता? पत्र आहे, वेळ आहे, दांड्या उकळल्या आहेत!"

"तेच!" तिचा आवाज कापरा झाला. "आई म्हणतात, हात लावू नको. पोस्टमास्तर म्हणतात, दात काढतील. काकूंची जाऊ तर माझ्या स्वप्नात येते. ते सगळं मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही? तुम्ही लेखी मागितलंत. दोनदा परत केलंत ते पत्र. ज्या दुकानदाराचा भरवसा नसतो त्याच्याकडेच तुम्ही कागद मागता ना? मग मी कशाच्या जोरावर तोंड उघडू? मी आता एकटी नाही हो."

काकूंनी मापपट्टी मुठीत गुंडाळली. पोस्टमास्तरांनी आपले बत्तीस ओठांआड झाकले.

तराजूराव बायकोकडे बघत राहिले. चौदा दिवस तिची भीती ते स्वतःच शिक्के मारमारून पक्की करत होते, आणि त्यांच्या वहीत त्याची एक ओळ नव्हती. मग ते तडक आत गेले आणि स्वतःच खुर्चीत आडवे झाले.

"साहेब, वेळ बाईंची आहे," डॉक्टर म्हणाले.

"आधी मला लावा ती दांडी. तिला बघू दे." आणि मग हळूच, "मी याआधी कधी बसलेलो नाही."

सगळे दारात जमले. दांडी फिरू लागली. "चार. पाच. पाच." डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "सहा. सहा. सात."

"सात?" तराजूराव खुर्चीतून उठू पाहत होते. "मला तर कधी रक्तसुद्धा..." आणि ओठाला हात लावला तर बोट लाल. "पडताळून बघा!"

"तुमचं व्हर्निअर देता?" डॉक्टर हसून म्हणाले. "बाईंच्यात फार तर पाच आहे, लवकर आल्या म्हणून सहज सुधारेल. तुमचं काम मोठं आहे, साहेब."

आई कुठल्या थांबायला?

"लेक माझा शिक्का मारी, गावभर मान मोठा,
त्याच्या तोंडात निघाला सात मिली काटा खोटा!"

नोंदवाल्या बाई वहीत तोंड खुपसून हसू लागल्या. तराजूरावांच्या प्रतिष्ठेचा जो काही भाग शिल्लक होता, तो त्या खुर्चीवरून घरंगळून खाली गेला. त्यांनी तो उचलला नाही. कारण बायको पुढे आली होती.

"दुखलं?" तिने विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"तेवढं चालतं," ते म्हणाले. बारा वर्षांत हे दोन शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले.

"मग उठा," ती म्हणाली.

ती बसली. डाव्या कुशीखाली उशी सरकली, हातात हात आला. यंत्र गुणगुणलं, पाण्याचे तुषार उडाले, आणि वर्षानुवर्षं दातांच्या कडेला धरून बसलेलं पिवळं कीटण कणाकणाने सुटू लागलं. तराजूराव श्वास रोखून उभे होते. इतक्यात बायकोने डोळे मोठे केले. तिला बोलता येईना, तोंडात नळी. तिने त्यांचा हात ओढला आणि पोटावर दाबून धरला.

तळव्याला आतून धक्का बसला.

"अगं!" तराजूराव म्हणाले. "डॉक्टर, बंद करा!"

यंत्र थांबलं. पोट शांत.

"चालू करा!"

गुणगुण सुरू झाली. धक्का! पुन्हा धक्का!

"बंद! चालू! बंद!" तराजूरावांचा चेहरा असा उजळला, की छतावरचा दिवा फिका पडावा. "आई, या! काकू, इथे हात ठेवा! नाचतंय! यंत्राच्या तालावर नाचतंय!" आई आल्या, काकू आल्या, नोंदवाल्या बाई लेखणी कानावर खोचून आल्या; पोस्टमास्तर तेवढे दारातच भिंतीकडे तोंड करून "आहे ना? आहे ना?" विचारत राहिले. डॉक्टरही यंत्राचं बटण दाबून सोडून पुन्हा दाबत होते, आणि त्यांचा हळू आवाज कुठल्या कुठे पळाला होता. "आता बघा! आता बघा!"

शेवटी बायकोने स्वतःच तोंडातली नळी बाजूला केली, चूळ भरली, आणि पोटावरचे सगळे हात एकेक करून उचलून ज्याचे त्याला परत दिले.

"खेळ पुरे," ती म्हणाली. हसताना तिच्या दातांच्या कडा ओल्या, स्वच्छ दिसत होत्या. "माझी डावी बाजू राहिली आहे. आणि ह्यांच्या तर दोन्ही."